कपाटातला नंबर

वहीत एकशे अठरा नावं होती. नावापुढं गाव, गावापुढं मार्क, मार्कांपुढं पासवर्ड. एकशे सतरा रकाने भरले होते. उरलेल्या एका रकान्यापुढं महादेवी पेन हातात धरून उभी होती आणि लिहीत नव्हती.

“ताई, लिहा ना,” वैजनाथ सर म्हणाले. “मागं रांग आहे.”

“न्हाई लिहीत.”

सरांना वाटलं, बाईला लिहिता येत नसेल. त्यांनी वही आपल्याकडं ओढली. “बोला तुम्ही. मी लिहितो.”

“लिहिता येतं मला. सातवी शिकलेय. पासवर्ड देत न्हाई, असं म्हणून राहिले मी.”

वैजनाथ सर वर्गात शिकवणारे सर नव्हते. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या त्या क्लासात ते प्रवेशाचं काम बघत. नीटचा निकाल लागला की पोरांचे मार्क घ्यायचे, कोणत्या मेडिकल कॉलेजचं नाव पहिलं टाकायचं, कोणतं दुसरं ते ठरवायचं, आणि प्रवेशाच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या खात्यात शिरून यादी भरायची. यादीत वरून खाली जे कॉलेज पहिल्यांदा मिळेल ते पक्कं. मुदत संपली की यादीला कुणालाही हात लावता येत नसे. महादेवीच्या आरतीला मार्क असे पडले होते की नांदेडचं सरकारी कॉलेज हाताशी आलं होतं. यादीत पहिलं नाव तेवढं तेच हवं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होती.

“अहो, दोन वर्षं मुलगी आमच्याकडं दिलीत,” सर हसत म्हणाले. “मग पासवर्डात काय आहे? घराची किल्ली शेजारी ठेवत नाही का आपण? विश्वासानं ठेवतो.”

“मग तुमच्या घराची द्या. ठेवते मी.”

रांगेत दोघंतिघं हसले. मागं भोकरकडचे शेषेराव उभे होते. पोराच्या कामासाठी ते तिसऱ्यांदा एसटीनं आले होते. त्यांना हसू आलं नाही. “ओ बाई,” ते म्हणाले, “देवाला नवस बोलताना कुणी हातचं राखून बोलतं व्हय? सरांपासून काय लपवायचं? का लेकीचं कल्याण बघवंना तुम्हाला?”

“कल्याण बघायलाच आलेय, दादा. म्हणून तर देत न्हाई.”

“मग आमची जबाबदारी नाही,” सरांनी वही मिटली. “नंतर रडत येऊ नका.”

“येणार न्हाई,” ती म्हणाली आणि बाहेर पडली. दोन वर्षांत सरांना नाही म्हणालेलं कुणी तिनं पाहिलं नव्हतं.

नाही म्हणण्याची खोड तिला बापापासून लागली होती, तीही उलट्या वाटेनं. भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. माहेरचं गाव एका पहाटेत जमीनदोस्त झालं. पुढच्या महिन्यात तंबूत एक पिशवीवाला माणूस आला. कागद साहेबांना द्यायचेत, नंतर भरून घेतो, म्हणाला. तिच्या बापानं, गुंडप्पानं, पाच कोऱ्या कागदांवर अंगठे उठवले. सगळ्या गावानंच उठवले. नव्या गावठाणात घरं झाली, तेव्हा गुंडप्पाचं घर एका अनोळखी नावावर निघालं. ते आपल्या नावावर करून घेण्यात त्याची नऊ वर्षं गेली. पिशवीवाला पुन्हा कुणाला दिसला नाही. बाप मरेपर्यंत एवढंच म्हणायचा, “माणूस गोड बोलत होता गं.”

महादेवीचं सासर रेणापूर तालुक्यातलं. नवरा किशनराव शेती बघायचा आणि ती आरतीला घेऊन लातुरात एका खोलीत राहायची. त्या इमारतीत अशा अकरा आया होत्या. कुणी मुदखेडची, कुणी निलंग्याची. पोरं अभ्यास करायची, आया डबे करायच्या, आणि दोन वर्षांनी निकाल घेऊन आपापल्या गावाला जायच्या. लॉकडाऊनात क्लास ऑनलाइन झाले, तेव्हा महादेवीनं गंजगोलाईजवळच्या दिलशादच्या दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला.

दिलशादचे वडील तय्यबभाई रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या पश्चात तिनं त्याच टेबलावर कॉम्प्युटर उघडायला घेतले. पन्नाशीची बाई, नाकावर चष्मा, कमरेला किल्ल्या, आणि तोंड असं की गिऱ्हाईक घाबरून वेळेवर यायचं.

“ह्याला बी अंघोळ लागती, बाई,” तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “दर जुम्म्याला मागची पाटी काढायची, ब्रशनं धूळ झटकायची. वरून टॉवेल टाकून झाकायचा नक्को, त्याला काय थंडी वाजत न्हाई. अपडेट मागितलं की द्यायचं, उद्या-उद्या म्हणायचं न्हाई. कागदपत्रांची नक्कल पेनड्राइव्हवर, आन् तो पेनड्राइव्ह ह्याच्यापासून दूर.”

महादेवीनं सगळं ऐकलं. पेनड्राइव्ह ज्वारीच्या डब्यात ठेवला. दर शुक्रवारी तिनं अशा निगुतीनं धूळ काढली की इमारतीतल्या बाया म्हणायच्या, “महादेवीबाईची म्हैस धुऊन झाली का?”

तरीही गेले पंधरा दिवस कॉम्प्युटर रेंगाळत होता. सरांना नाही म्हणून ती परतली त्याच दुपारी दिलशाद पिशवी घेऊन आली. आरती लायब्ररीत गेली होती. दिलशादनं धूळ तपासली. नव्हती. पंखा तपासला. ठीक होता. तिनं मशीन चालू केलं, दोघी पडद्यासमोर बसल्या, आणि महादेवी चहाला उठणार एवढ्यात पडद्यावरचा बाण हलला.

“आपा, तुम्ही हलवला?”

दिलशादनं दोन्ही हात वर करून दाखवले. माऊस टेबलावर गप पडला होता. बाण मात्र पडद्यावर चालत होता.

“अगं आई!” महादेवीनं वायरीला हात घातला.

“थांब. पाव्हणा कुठं जाऊन राहिला, बघू तर दे.”

पाव्हण्याला घराची वाट माहीत होती. बाण थेट आरतीच्या फोल्डरवर गेला. निकालाचा कागद उघडला, मिटला. मग इंटरनेट उघडून तो अशा जागी गेला जिथं मशीन आरतीचे पासवर्ड लक्षात ठेवत होतं. दिलशादनं नेटची वायर उपटली. बाण जागच्या जागी थिजला.

“व्हायरस हाय का?” महादेवीनं विचारलं.

“व्हायरस परवडला असता. ह्याला तर तुम्हीच दार उघडून आत घेतलंय.” दिलशादनं कोपऱ्यातलं एक छोटं चित्र दाखवलं. “हे कुणी घातलं?”

ते क्लासनं घातलं होतं. लॉकडाऊनात ऑनलाइन परीक्षा अडायला लागल्या, तेव्हा सरांनी सगळ्यांना एक प्रोग्राम टाकायला लावला होता. अडचण आली की आम्ही इथूनच तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करू, म्हणाले होते. अकराच्या अकरा घरांत तो होता. परीक्षा संपल्या, क्लास पुन्हा वर्गात भरू लागले. प्रोग्राम काढायचं कुणाला सुचलं नाही.

“म्हंजे मी वहीत लिहिलं न्हाई,” महादेवी सावकाश म्हणाली, “म्हणून घरात येऊन बघत व्हते.”

“हौ. आन् तू म्हशीला अंघोळ घालत बसलीस.”

दिलशादनं प्रोग्राम काढला, साठवलेले पासवर्ड पुसले. आरती आल्यावर तिच्याकडून वेबसाइटचा पासवर्ड बदलून घ्यायला बसली, आणि तिथं अडलं. वेबसाइट म्हणाली, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते टाका. मोबाइलचे शेवटचे आकडे सत्तेचाळीस. घरातल्या एकाही फोनचे ते नव्हते, आणि यादी पक्की करायलाही असेच आकडे लागणार होते.

आरतीनं कपाळावर हात मारला. “आई, फॉर्म भरताना सरांनी त्यांचाच नंबर टाकला होता. खेड्यातल्या सगळ्यांचाच टाकला.”

त्यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नव्हतं. किशनरावचा फोन शेतात रेंज धरत नसे. महादेवीच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं. सर म्हणाले होते, आमचाच नंबर टाका, म्हणजे आकडा चुकायचा नाही. क्लासच्या ऑफिसात एक पत्र्याचं कपाट होतं. त्यात साधे मोबाइल ओळीनं मांडलेले, पाठीवर पांढऱ्या पट्ट्या, पट्टीवर नंबर. पालक त्या कपाटाकडं कौतुकानं बघायचे. किती काळजी घेतात, म्हणायचे.

“परवा बोलून राहिली व्हती ना खालच्या मजल्यावरची,” महादेवी आठवून म्हणाली, “गेल्या वर्षी त्यांच्या पाव्हण्यांच्या पोरीच्या यादीत भलतंच कॉलेज पहिलं निघालं. सर म्हणाले, तूच भरलं असशील. त्या कॉलेजकडून क्लासला पोरामागं पैसे मिळतात, म्हणत व्हती.”

आरती नखं खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वेबसाइट उघडली. पासवर्ड चुकीचा, असं उत्तर आलं. तिनं तीनदा टाकला. काल रात्रीपर्यंत चालणारा पासवर्ड आता चालत नव्हता. कुणीतरी बदलला होता, आणि बदलण्यासाठी लागणारे सहा आकडे एकाच ठिकाणी जात होते. मदतीचा फोन सतत व्यस्त. जवळच्या केंद्रावर जाऊन आरती विचारून आली. लेखी अर्ज द्या, तीन दिवस लागतात, असं कळलं. हातात सहा तास होते.

“चल, पाया पडू सरांच्या,” आरती रडवेली झाली. “देऊन टाक काय मागतात ते. माझी दोन वर्षं जातील, आई.”

“पाया पडायला मी जात न्हाई. मागायला जाते.” महादेवीनं पायात चपला अडकवल्या. “आपले आकडे आपण मागायचे. त्यात लाज कसली?”

दिलशाद दुकानातून यूपीएस उचलून घेऊन आली होती, लाइट गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून. “मी येऊ संगं?” तिनं विचारलं. “मला शिव्या चांगल्या येतात.”

“तुम्ही आरतीजवळ बसा, आपा. शिव्या लागल्या तर फोन करते.”

साडेअकराला ऑफिसात तीसेक पालक होते. महादेवी सरांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली. आवाज चढवला नाही.

“सर, तुमच्या कपाटात एक फोन हाय. शेवटचे आकडे सत्तेचाळीस. त्याच्यावर आता सहा आकडे येतील. ते सांगा मला.”

सरांनी मान वर केली. मग पालकांकडं बघून हसले. “बघा! आम्ही पोरांना काय शिकवतो? ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो, ताई.”

“बराबर शिकवता. मग आरतीचे तुम्ही आजवर कसे वाचून राहिलात?”

हशा पिकला आणि लगेच थांबला. महादेवीनं फोन कानाला लावला. “आरती, दाब.”

कपाटाच्या पत्र्यात फोन घुर्र करून थरथरला. सगळ्यांनी ऐकलं. सर लॅपटॉपकडं बघत राहिले. “शेषेराव, या तुम्ही,” त्यांनी पुढच्याला हाक मारली. शेषेराव शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले. दहा मिनिटं गेली. आकड्यांची मुदत संपली.

“आरती, परत दाब.”

पुन्हा घुर्र झालं.

“सर, वाजतंय,” शेषेराव म्हणाले.

“वाजू द्या हो.”

“वाजू द्या, बरं.” शेषेरावांनी टोपी मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “आमच्या पोराचा फोन बी त्यातच हाय का?”

“सगळ्यांचे आहेत. सुरक्षित आहेत.”

“त्याच्यावर आकडे आले तर कोण बघतं?”

“आम्हीच बघतो.”

“आन् आम्हाला बघायचे असले तर?”

सरांनी पेन खाली ठेवलं. “शेषेराव, काल तर तुम्ही या बाईंना समजावत होता.”

“व्हय, लई बोललो. काल ह्यांनी फोन मागितला नव्हता ना. आज त्या त्यांचाच मागतायत आन् तुम्ही देत न्हाई. ह्याचा अर्थ मला लागंना.”

दुसऱ्यांदा पाठवलेल्या आकड्यांचीही मुदत संपली. महादेवीच्या फोनवर दिलशादचा आवाज आला. महादेवीनं स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

“महादेवी, आता एकच बारी. तीनदा झालं की ही वेबसाइट उद्यापर्यंत कुलूप लावती.”

“ऐकलं का, सर? मुदत आज पाचला. आता न्हाई सांगितलं तर माझ्या लेकीची यादी तुम्ही जी ठेवलीय तीच राहील.”

“ताई, आत केबिनमध्ये बोलू.”

“इथंच बोला. पासवर्ड मागताना इथंच मागितला व्हता.”

“हा कामात अडथळा आहे. मी पोलिसांना बोलवू शकतो.”

“बोलवा. बाईनं तिच्याच लेकीचे आकडे मागितले, असं लिहून द्या. खाली सही मी करते. पण आधी वाचून, मग.” ती फोनकडं वाकली. “आरती, दाब.”

घुर्र. कपाटाची किल्ली सरांच्या खिशाला लावलेली होती. महादेवीला ती हाताच्या अंतरावर दिसत होती. तिनं हात मांडीवरून हलवला नाही. फोन हिसकावला तर ती चोर ठरणार होती, आणि तिला चोर ठरायचं नव्हतं. तिला आकडे त्यांच्या तोंडून हवे होते, सगळ्यांसमोर.

एक मिनिट गेलं. दोन. चौथ्या मिनिटाला शेषेराव उठले आणि कपाटासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागं निलंग्याची एक बाई उठली. मग एक निवृत्त पोस्टमन. खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. वैजनाथ सरांनी खोलीवरून नजर फिरवली. समोर तीस पालक होते, आणि प्रत्येकाच्या गावात पुढच्या वर्षी क्लासला येणारी पाच-दहा पोरं होती. एवढा हिशोब त्यांना आकडेमोड न करता येत असे.

त्यांनी कपाट उघडलं. फोन काढला. भरभर आकडे म्हणाले.

“हळू,” महादेवी म्हणाली. “एक-एक.”

त्यांनी एक-एक म्हटला. प्रत्येक आकडा ती मोठ्यानं म्हणाली, आणि पलीकडून आरतीनं. सहावा झाला. स्पीकरमधून कळा दाबल्याचा आवाज आला.

“उघडलं, आई!”

“आधी मोबाइल नंबर बदल. मग यादी.”

नंबर बदलला. महादेवीचा तो परवाच रिचार्ज केलेला फोन टेबलावर टिंग करून वाजला, आणि त्याचे आकडे तिनं स्पीकर बंद करून, कानाशी धरून, हलक्या आवाजात सांगितले. मग पुन्हा स्पीकर लावला.

पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली, मग थांबली.

“आरती?”

“आई, पहिलं नाव नांदेडचं न्हाई.”

“मग?”

“खासगी कॉलेज हाय. कुठलं तरी लांबचं. आपण नाव बी ऐकलं न्हाई. नांदेड खाली सातव्या नंबरावर हाय. यादी अजून पक्की केली न्हाई.”

“कवा बदललंय, ते दिसतं का?”

“आज सकाळी. नऊ वाजून बारा मिनिटांनी.”

“सिस्टीमचा घोळ असेल,” सर म्हणाले. “होतं कधीकधी लोड आल्यावर.”

शेषेरावांनी त्यांच्यासमोरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी अलगद फिरवला आणि पडदा खोलीकडं केला. “असंल, असंल,” ते म्हणाले. “आमचं उघडा. बघू आमच्यात बी घोळ हाय का.”

महादेवीला आता घरी धावायचं होतं. पण निलंग्याच्या बाईनं तिच्या पदराला धरलं. “ताई, ते नंबर बदलायचं कसं म्हणलीस? सांगून जा.” घड्याळात साडेबारा झाले होते. महादेवीनं फोनवर विचारलं, “आपा, यादी नीट करायला वेळ किती लागतो?”

“आमचं आम्ही बघतो. पाऊण तासात व्हतं. तू तिकडं त्या बाप्याला उठू देऊ नको.”

म्हणून ती बसली. सर उठायला लागले की कुणीतरी म्हणे, “बसा की, सर, चहा मागवतो.” एकेक फोन कपाटातून निघाला, एकेक जण आपले आकडे आपण वाचत गेला. शेषेरावांच्या पोराच्या यादीतही तेच लांबचं कॉलेज पहिलं निघालं. ते ओरडले नाहीत. “काल मी म्हणलो व्हतो, देवापासून काय लपवायचं,” एवढं म्हणून त्यांनी पासवर्डाच्या वहीतलं आपल्या ओळीचं पान फाडून घडी करून खिशात घातलं. त्या पानावरच्या बाकीच्यांनी तक्रार केली नाही.

तीन वाजून गेल्यावर ती खोलीवर पोचली. आरतीनं यादी पुन्हा लावून ठेवली होती, पण शेवटचं बटण दाबलं नव्हतं. एकदा दाबलं की यादी पक्की. दिलशाद पलंगावर बसून गार झालेला चहा पीत होती.

“वाच,” महादेवी म्हणाली. “वरून खाली. मोठ्यानं.”

आरतीनं वाचलं. पहिलं नांदेड. महादेवीनं पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक नाव स्वतः वाचून बघितलं, ओठ हलवत, सातवीपर्यंतच्या वेगानं. दोन वेळा बघितलं.

“दाबू?”

“तुझं तू ठरव. बरोबर वाटतंय का तुला?”

आरतीनं दाबलं, आईच्या फोनवर आलेले आकडे टाकले. यादी पक्की झाल्याचा मेसेज महादेवीच्या फोनवर आला. चार वाजायला वीस मिनिटं होती. आरतीनं खुर्चीत मागं रेलून डोळे पुसले आणि मग आईकडं वळली.

“आई, नवा पासवर्ड सांगून ठेवते तुला. माझ्या लक्षात न्हाई राहिला तर.”

“लक्षात ठेवायचा.”

“अगं, तू आई हायस माझी.”

“असू दे,” महादेवी गॅसपाशी जात म्हणाली. “मला बी सांगायचा न्हाई.”